अर्ध्या वेगाचे गाणे

वेगाच्या बाबतीत माझी चूक होऊ शकत नाही, हे मी सुरुवातीलाच नम्रपणे नोंदवून ठेवतो. वजनमापे आणि घड्याळे तपासून त्यांच्यावर शिक्का मारणाऱ्या प्रयोगशाळेत माझी एकतीस वर्षे गेली आहेत. शर्यतीत कोण पहिला आला हे स्टॉपवॉच सांगते. ते स्टॉपवॉच खरे बोलते की नाही, हे मी सांगतो. सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी मी एका कारखानदाराशी सहा महिने पत्रव्यवहार केला आणि जिंकलो. आमच्या घरी दूध वारंवार उतू जाते, त्याचेही कारण मीच असल्याचे पत्नी सांगते. मी शेगडीपाशी उभा असतो, पण ते किती सेकंदांत उतू जाते हे पाहत असतो.

त्यामुळे आमच्या मुलीने, चिमीने, महाविद्यालयासाठी एका गाण्याचा व्हिडिओ करायचा असल्याचे जाहीर केले तेव्हा मला एकच प्रश्न पडला: इतक्या सोप्या कामाला तीन आठवडे कशाला हवेत?

चिमी माध्यमांचा अभ्यासक्रम शिकते. सत्राच्या शेवटी गाणे स्वतः रचायचे, त्याचा आराखडा करायचा, चित्रण आणि संकलन करायचे आणि ठरलेल्या सोमवारी पाचच्या आत ते जमा करायचे, असे काम होते. जमा न झाल्यास सत्र पुन्हा. शब्द चिमीचे होते. धून मात्र अण्णांची होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. छत्तीस वर्षे ते पोस्टमन होते, तेही पायी. सायकलवरून घरांचे क्रमांक नीट वाचता येत नाहीत, असे त्यांचे मत होते. ते इतके भरभर चालत की कुत्री त्यांच्यावर भुंकायला उठेपर्यंत ते पुढच्या गल्लीत पोचलेले असत. चालताना शीळ घालत, नेहमी एकच, आणि तिच्यावरून लोक घड्याळे लावत. (ही पद्धत अशास्त्रीय होती. मी लहानपणी तपासली होती. चूक दोन मिनिटांपेक्षा अधिक नसे.)

गेल्या वर्षीच्या आजारपणाने त्यांची उजवी बाजू मंदावली. चालणे हाच उपाय, असे डॉक्टर म्हणाले. अण्णा घरात चालत, पण आठ महिन्यांत फाटकाबाहेर त्यांनी पाऊल टाकले नव्हते. शीळही थांबली होती.

"ज्या रस्त्यावर लोक माझ्यावरून घड्याळ लावायचे," ते एकदा म्हणाले होते, "तिथे आता ते विचारणार, हात देऊ का म्हणून. नको."

म्हणून चिमीने त्यांना व्हिडिओत यायला सांगितले तेव्हा आम्ही सगळेच जेवता जेवता थांबलो.

"आजोबा, धून तुमची आहे. गाणं तुम्हीच म्हणायचं. आवाज माझा असेल, तुम्ही नुसते ओठ हलवा."

"घरात?"

"फाटकाबाहेर. रस्त्यावर."

अण्णांनी घास सावकाश संपवला. "खुर्ची बाहेर ठेव. मी तिच्यावर बसेन. पण मला चालताना दाखवायचं नाही. सगळे टणाटण चालणार आणि मधे मी एकटा असा. ते नको."

तेव्हाच मला ती कल्पना सुचली. "सगळं चित्रच अर्ध्या वेगाने दाखवलं तर?" मी म्हणालो. "मग रस्त्यावरचा प्रत्येक माणूस अण्णांइतकाच सावकाश चालेल. अण्णा वेगळे दिसणारच नाहीत."

पत्नी एका शाळेच्या ग्रंथालयात असते. चुकीच्या कपाटात बरोबर पुस्तक सापडले की जसे पाहावे, तसे तिने माझ्याकडे पाहिले.

"अहो, हे तुम्हाला सुचलं?"

"त्यात आश्चर्य काय?"

"काही नाही. जेवा तुम्ही."

अण्णा हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. चिमीने एका ॲपमध्ये चित्रे काढून आराखडा केला. त्यातली माणसे काड्यापेटीतून सांडल्यासारखी दिसत होती. मी तोच आराखडा संगणकावर तक्त्यात बसवला: बेचाळीस दृश्ये, प्रत्येकाची लांबी सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत, कॅमेऱ्याचे अंतर मीटरमध्ये. एकेचाळीस दृश्यांत अण्णा खुर्चीवर होते. बेचाळिसावे दृश्य होते फाटकापासून कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत, अडतीस मीटर. त्यापुढे मी 'ऐच्छिक' असे लिहिले.

मतभेद झाला तो एका तांत्रिक मुद्द्यावर.

"बाबा, ओठ जुळायला हवेत," चिमी म्हणाली. "सरांनी सांगितलंय, चित्र संथ दाखवायचं असेल तर चित्रणाच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं आणि ओठही तितक्याच भरभर हलवायचे. मग चित्र संथ केलं की ओठ बरोबर बसतात."

"चित्र अर्ध्या वेगाने दाखवायचं, तर गाणंही अर्ध्या वेगाने वाजवायचं. सरळ प्रमाण आहे."

"सर म्हणाले दुप्पट."

"तुझ्या सरांनी भौतिकशास्त्र कितवीपर्यंत घेतलं होतं?"

"विचारलं नाही."

"मला वाटलंच."

फ्रिजवर आम्ही एक पांढरा फळा लावला आहे. त्यावरची किराण्याची यादी पुसून मी पाच ओळींत सिद्धता मांडली. चिमी बराच वेळ तिच्यासमोर उभी राहिली.

"पटत नाहीये," ती शेवटी म्हणाली, "पण चूकही सापडत नाहीये."

शास्त्रात याला मान्यता म्हणतात. शिवाय प्रयोगही माझ्या बाजूने होता. दुप्पट वेगाचे गाणे लावले, तेव्हा अण्णांचे ओठ दुसऱ्याच शब्दाला मागे पडले आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. अर्ध्या वेगाचे लावले, तेव्हा त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत एकही शब्द सोडला नाही.

"हे माझ्या बेताचं आहे," ते म्हणाले.

मी विषय मिटल्याचे जाहीर केले. या प्रयोगाने नेमके काय सिद्ध झाले, हे मी तेव्हा तपासले नाही.

शनिवारी सकाळी आठला चित्रण सुरू झाले. कॅमेरा चिमीच्या मैत्रिणीकडे होता. ती उंच आणि कमालीची स्थिर असल्याने वर्गात तिला तिपाई म्हणतात. मी ध्वनिवर्धक फाटकावर ठेवला, स्टॉपवॉच गळ्यात अडकवले, टेप हातात घेतली आणि गाणे लावले. वेग कमी केला तरी आवाज मूळ पट्टीत ठेवण्याची सोय ॲपमध्ये होती. ती मी अप्रामाणिक म्हणून बंद केली होती. परिणामी चिमीचा गोड आवाज, सर्दी झालेल्या म्हशीने रेडकाला निजवावे, तसा गल्लीभर पसरला.

चौथ्या दृश्याला कोपऱ्यावरचे औषधवाले आले. दुकानाचे शटर अर्धे ओढलेले मला दिसले. ते माझ्याजवळ येऊन खाली मान घालून उभे राहिले.

"कधी?" त्यांनी हळूच विचारले.

"आठला."

"फारच अचानक."

"नाही हो, तीन आठवडे चाललं होतं. आज एकदाचं उरकतोय."

त्यांनी माझा खांदा दाबला. "त्रास झाला का फार?"

"थोडा. आधी ध्वनिवर्धक फोनला जोडलाच जात नव्हता."

"जवळ कोण होतं?"

"सगळेच. तिपाईसुद्धा."

"आत जाऊन एकदा बघू का?"

"आत कशाला? हे काय, इथेच बसलेत."

मी बाजूला झालो. माझ्या मागे, खुर्चीत, अण्णा स्वच्छ शर्ट घालून ओठ हलवत होते. ओळ संपल्यावर ते म्हणाले, "औषधवाले, आलाच आहात तर माझ्या गोळ्या आणल्यात का?"

औषधवाले आमच्या पायरीवर बसले. त्यांना पाणी द्यावे लागले.

तोपर्यंत समोरचे शिंपी आणि त्यांची पत्नी आली, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका आल्या आणि आणखी पाच-सहा माणसे, तो आवाज रडण्याचा समजून, पडलेल्या चेहऱ्यांनी जमली. अण्णा प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवत होते: "अजून आहे." पाचव्या वेळेपर्यंत त्यांना त्याची मजा वाटू लागली असावी, सहावा माणूस दिसताच ते आपणहून म्हणाले.

मी जमलेल्यांना घालवायला निघालो, तेव्हा चिमीने माझी टेप ओढली. "बाबा, राहू द्या. मला रस्ता भरलेलाच हवा होता."

तिने सर्वांना रस्त्यावरून ये-जा करायला लावले. 'नेहमीसारखे चाला' अशी सूचना मी तीन वेळा दिली. कॅमेऱ्यासमोर नेहमीसारखा चालणारा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही. शिंपी एरवी दुपारी सुईत दोरा ओवायलाही उठत नाहीत, पण त्या दिवशी कापडाचे गाठोडे घेऊन ते चार वेळा गल्ली ओलांडून गेले. मी स्वतः मात्र चौकटीबाहेर राहून अंतरे मोजत होतो. चौकटीबाहेर असल्याची मी खात्री केली होती.

एकेचाळिसावे दृश्य सुरू झाले. शेवटचे कडवे लागले आणि अण्णांनी खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवला. मला वाटले, बसण्याची बाजू बदलत आहेत. ते उठले.

मी पुढे झालो. पत्नीने माझी बाही धरली. "थांबा," ती म्हणाली.

अण्णा गाण्याच्या ठेक्यावर निघाले. म्हशीच्या त्या अंगाईचा एक ठोका, एक पाऊल. पुढचा ठोका, दुसरे पाऊल. ते गाणे त्यांना कुठेही मागे टाकत नव्हते. औषधवाले हात द्यायला सरसावले, तेव्हा शिंप्यांनी त्यांना न बोलता धरून ठेवले. तिपाईचा कॅमेरा अजिबात हलला नाही. ती श्वासच घेत नव्हती, हे नंतर कळले. माझा अंगठा सवयीने स्टॉपवॉचवर पडला होता. छप्पन्न सेकंदांनी अण्णांनी पोस्टाच्या पेटीच्या डोक्यावर तळवा टेकला. जुना सहकारी भेटल्यावर त्याच्या खांद्यावर ठेवतात, तसा.

"खुर्ची इकडे आणा आता," ते तिथूनच म्हणाले. "येण्याचं कबूल केलं नव्हतं मी."

खुर्ची नेली. ते बसले आणि चिमीला म्हणाले, "आलं का सगळं त्यात?"

"आलं, आजोबा."

"मग पुन्हा सांगू नकोस. हे एकदाच."

रविवारी सकाळी अकरा वाजता चिमीने संगणकावर चित्राखाली मूळ गाणे लावले. अण्णांचे ओठ पहिल्या ओळीच्या अर्ध्यावर होते, तेव्हा गाण्याची पहिली ओळ संपली होती.

"चित्र अजून संथ केलेलं नाहीस," मी म्हणालो. "संथ कर."

तिने केले. आता गाण्याचे पहिले कडवे संपले तरी अण्णा पहिल्याच ओळीत होते.

"बाबा," चिमी अगदी हळू म्हणाली. ती हळू बोलते तेव्हा मला भीती वाटते. "गाणं तीन मिनिटं बारा सेकंदांचं आहे. आपण ते सहा मिनिटं चोवीस सेकंद वाजवलं. ओठ त्याच्याशी जुळलेत. आता ओठ जुळवायचे तर चित्र संथ नाही, दुप्पट वेगाने पळवावं लागेल."

मी स्वयंपाकघरात गेलो. फळ्यावर सिद्धता तशीच होती. तिसऱ्या ओळीत, जिथे भागायला हवे होते, तिथे मी गुणले होते. पत्नी माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"एकतीस वर्षांत शिक्के मारलेली घड्याळं परत मागवायची का?" तिने विचारले.

मी खोलीत परतलो, तेव्हा चिमी टेबलावरच्या पेन्सिली उंचीप्रमाणे लावत होती. ही सवय तिला माझ्याकडून आली आहे. फार वाईट काही घडले की मीही हेच करतो.

"पुन्हा चित्रण करू," मी म्हणालो. "आज दुपारी."

"आजोबा एकदाच म्हणालेत." तिने सर्वांत छोटी पेन्सिल शेवटी ठेवली. "सत्र पुन्हा करावं लागलं तर करीन मी. पण त्यांना काय सांगू? सगळ्यांत वेगळं दिसायचं नाही, एवढी एकच गोष्ट मागितली होती त्यांनी. दुप्पट वेगात ते कार्टूनसारखे पळतील. लोक हसतील त्यांच्या चालण्याला. आठ महिन्यांनी चाललेत ते, बाबा."

"दाखव," दारातून आवाज आला. अण्णा चौकटीला टेकून उभे होते. किती वेळ, ते मी मोजलेले नव्हते.

"अण्णा, त्यात थोडी दुरुस्ती बाकी आहे," मी म्हणालो.

"दाखव म्हटलं ना. पळतोय तर पळतोय. बऱ्याच दिवसांत पळालो नाहीये."

ते खुर्चीत बसले. पत्नीही आली. चिमीने चित्राचा वेग दुप्पट केला आणि डोळे मिटून बटण दाबले.

गल्लीतली माणसे, साखरेचा डबा उघडा राहिल्यावर मुंग्या निघतात तशी, पडद्यावर सुटली. औषधवाले पायरीवर बसले, पाणी प्यायले, उठले आणि नाहीसे झाले. शिंपी गाठोडे घेऊन चार वेळा सुसाट गेले. आणि पाठीमागे, दृश्यामागून दृश्यात, किल्ली दिलेल्या उंदरासारखा एक मनुष्य टेप घेऊन वाकत होता, उठत होता, काहीतरी लिहीत होता, पुन्हा वाकत होता. एकेचाळीसपैकी एकतीस दृश्यांत मी होतो. पत्नीला हसताना पुस्तकांच्या फळीचा आधार घ्यावा लागला.

"अहो, तुम्ही खरंच असे दिसता," ती म्हणाली. "फक्त मला ते इतकी वर्षं हळू दिसत होतं."

हसत नव्हते ते एकटे अण्णा, कारण ते स्वतःकडे पाहत होते. मीही पाहू लागलो. पडद्यावरचे अण्णा गात होते, शब्द ओठांवर नेमके बसत होते. त्यांनी चष्मा सारखा केला. मान वळवून कुणाला तरी "अजून आहे" म्हटले. त्यात काहीच विचित्र नव्हते, आणि काहीच विचित्र नसणे हेच विचित्र आहे, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. सारे जग दुप्पट वेगाने पळत होते आणि त्याच्या मधोमध अण्णा साध्या माणसाच्या वेगाने बसले होते.

मग ते उठले आणि चालू लागले.

खांदा किंचित पुढे, डावा हात पत्रांचा गठ्ठा धरल्यासारखा छातीशी, टाच टेकते न टेकते तोच पुढचे पाऊल. खोलीत कोणी हसले नाही. चिमीने आता डोळे उघडले होते. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत फाटकातून रोज बाहेर पडणारे अण्णा फाटकापासून निघाले आणि अठ्ठावीस सेकंदांत पोस्टाच्या पेटीपाशी पोचले.

नऊ वर्षांचा असताना मला सेकंदकाट्याचे पहिले घड्याळ मिळाले. त्याने मी मोजलेली पहिली गोष्ट म्हणजे फाटकापासून पेटीपर्यंत चालणारे अण्णा. सव्वीस सेकंद. मधल्या दोन सेकंदांचा फरक मी मापनातील अनिश्चिततेच्या खाती टाकतो.

"पुन्हा लाव," अण्णा म्हणाले.

चिमीने लावले. मग तिसऱ्यांदा लावले.

"बघ कसा निघालाय," ते मला म्हणाले, जणू पडद्यावर कोणी तिसराच होता. "याच्यामागून तू धावत यायचास. मला वाटायचं, खेळतोयस."

"खेळत नव्हतो. मागे पडायचो."

"मग सांगायचंस तेव्हा."

"तुम्ही थांबला असतात?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही. पत्रं असायची." थोड्या वेळाने ते म्हणाले, "पण हात धरला असता."

मी स्टॉपवॉचची दोरी नीट गुंडाळत राहिलो. ती आधीच नीट गुंडाळलेली होती.

"असंच दे पाठवून," अण्णा चिमीला म्हणाले. "आणि हा मागचा उंदीर काढू नकोस. त्याच्यामुळे तर झालंय सगळं."

सोमवारी चार वाजून चाळीस मिनिटांनी व्हिडिओ जमा झाला. आठवड्याने वर्गात दाखवला. जगाची धावपळ आणि तिच्यात एकच माणूस योग्य वेगाने चाललेला, ही मांडणी कशी सुचली, असे सरांनी विचारले. चिमीने खरे ते सांगितले: "माझ्या बाबांनी गुणाकार-भागाकारात चूक केली." सरांना तो विनय वाटला. त्यांनी पूर्वनियोजनाचे सगळे गुण दिले. सरांनी भौतिकशास्त्र बारावीपर्यंत घेतले होते, हेही तिने या वेळी मुद्दाम विचारून आणले.

मी चमत्कार मानत नाही. एका चुकीमुळे एका माणसाला बरे वाटले, यावरून काहीही सिद्ध होत नाही. नमुना एकाचाच आहे आणि तुलनेला दुसरा गट नाही. एवढेच नोंदवतो, की रोज सकाळी आठला अण्णा मला ध्वनिवर्धक फाटकावर ठेवायला लावतात. म्हशीची अंगाई सुरू होते. औषधवाले दुकानाच्या दारातून ओरडून "सगळं ठीक ना?" असे विचारतात, अण्णा "अजून आहे" म्हणतात आणि पेटीपर्यंत चालत जातात. आता येतातही. परवा येताना शीळ ऐकू आली, पण वारा असल्याने मी ती खात्रीलायक निरीक्षणांत धरलेली नाही.

अण्णांच्या आज्ञेवरून गाण्याचा वेग मी दर सोमवारी एका टक्क्याने वाढवतो. सध्या आम्ही सत्तावन्न टक्क्यांवर आहोत. हा आकडा मी दोनदा तपासून घेतला आहे, दुसऱ्यांदा चिमीकडून.